जीपगाड्यांतील इंधनमापक आणि त्याची दुरुस्ती

इंधनमापक हे वाहनाच्या टाकीत किती इंधन शिल्लक आहे हे चालकाला दाखवणारे उपकरण आहे. चालकांच्या बोलीत त्याला 'डिझेलचा काटा' किंवा 'पेट्रोलचा काटा' म्हणतात. नव्या गाड्यांत हे काम संगणकीय मंडलाकडे गेले आहे. जुन्या जीप व तत्सम खडतर रस्त्यांवरील गाड्यांत मात्र ते एका साध्या विद्युत परिपथाने होते. टाकीतील तरंगता फ्लोट, त्याला जोडलेला बदलता रोध, एक तार, दर्शनी फळीवरील मापक आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून परतणारा विद्युतमार्ग, म्हणजेच अर्थ, हे या परिपथाचे घटक होत. यांपैकी कोणताही एक घटक बिघडला तरी काटा चुकतो. म्हणून काटा चुकला म्हणजे मापकच खराब झाला, असा निष्कर्ष काढता येत नाही.

चुकीच्या काट्याचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता मर्यादित नसतो. डिझेल गाडीची टाकी पूर्ण रिकामी झाल्यास इंधनाच्या नळ्यांत हवा शिरते. अशा वेळी नुसते डिझेल भरून इंजिन सुरू होत नाही. हातपंप मारून आणि फिल्टरवरील स्क्रू सैल करून आधी हवा काढावी लागते. घाटात किंवा रात्री आडरस्त्यावर हे काम अवघड होते. दुसरीकडे, काटा दुरुस्त करण्यासाठी टाकी उघडणे हे स्वतःच जोखमीचे काम आहे. त्यामुळे टाकी न उघडता करता येणाऱ्या चाचण्या आधी करणे, हे या दुरुस्तीचे मुख्य सूत्र मानले जाते.

## इतिहास

सुरुवातीच्या मोटारगाड्यांत इंधनमापक नव्हता. फोर्ड मॉडेल टी या गाडीत आसनाची गादी उचलून टाकीत लाकडी पट्टी बुडवून पेट्रोल पाहावे लागे. फोक्सवॅगन बीटलमध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत मापकाऐवजी राखीव पेट्रोलची तोटी होती.

दुसऱ्या महायुद्धातील विलिस एमबी जीपमध्ये टाकी चालकाच्या आसनाखाली होती आणि दर्शनी फळीवर विद्युत इंधनमापक होता. युद्धानंतर विलिसने नागरी वापरासाठी 'सीजे' मालिका आणली. भारतात १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने सुरू झालेल्या कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. सीजे-३बी ही गाडी आणि तिच्यापासून विकसित झालेली रूपे भारतात अनेक दशके बनत राहिली. पुढे एमएम ५४० सारख्या गाड्यांत प्यूजोच्या रचनेचे डिझेल इंजिन आले. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी ही पेट्रोलवर चालणारी गाडी बाजारात आली. सैन्य आणि पोलीस दलांतही तिचा मोठा वापर झाला.

सीजे-३बीमध्येही टाकी चालकाच्या आसनाखालीच राहिली. तिची धारणक्षमता सुमारे ४० लिटर होती. जिप्सीची टाकीही ४० लिटरची आहे, परंतु ती गाडीच्या मागील भागात खालच्या बाजूस बसवलेली असते. दुरुस्तीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा ठरतो. आसनाखालच्या टाकीचा फ्लोट वरून हाती लागतो. मागच्या, खालून बसवलेल्या टाकीत मात्र फ्लोटपर्यंत पोहोचण्यासाठी पुष्कळदा टाकीच उतरवावी लागते.

## रचना आणि कार्य

टाकीतील भागाला सेंडर किंवा नुसते 'फ्लोट युनिट' म्हणतात. पितळेचा, बुचाचा किंवा प्लॅस्टिकचा फ्लोट एका तारेच्या दांड्याच्या टोकाशी असतो. इंधनाची पातळी बदलली की दांडा वरखाली होतो आणि दुसऱ्या टोकाची स्पर्शपट्टी रोधतारेच्या वेटोळ्यावरून सरकते. त्यामुळे परिपथातील रोध बदलतो. या युनिटची धातूची चकती टाकीला स्क्रूंनी घट्ट बसवलेली असते. बहुतेक जुन्या गाड्यांत वीज परत जाण्याचा मार्ग याच चकतीतून, टाकीतून आणि सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे जातो.

दर्शनी फळीवरील मापक प्रामुख्याने दोन प्रकारचे आढळतात.

* द्विधातू मापक. यात दोन वेगवेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. तिच्याभोवती गुंडाळलेल्या तारेतून विद्युतधारा वाहिली की पट्टी तापते, वाकते आणि काटा ढकलते. पट्टी तापण्यास वेळ लागत असल्याने काटा सावकाश हलतो आणि खड्ड्यांत टाकीतील इंधन हिंदकळले तरी थरथरत नाही.
* दुहेरी वेटोळ्याचा चुंबकीय मापक. यात दोन वेटोळ्यांच्या चुंबकीय ओढीतील समतोलावर काट्याची जागा ठरते. त्याचा प्रतिसाद जलद असतो, म्हणून खराब रस्त्यावर काटा इंधनाबरोबर हलताना दिसतो.

द्विधातू मापकाचे वाचन विभवांतरावर अवलंबून असते. इंजिनाचा वेग आणि बॅटरीची स्थिती यांनुसार गाडीतील विभवांतर बदलते. हा परिणाम टाळण्यासाठी अशा परिपथात व्होल्टेज स्टॅबिलायझर (विभव स्थिरक) जोडलेला असतो. सीजे-५ आणि तिच्या समकालीन गाड्यांत तो सरासरी ५ व्होल्ट पुरवतो. इंधनमापक आणि पाण्याच्या तापमानाचा मापक हे दोन्ही त्याच्यावर चालतात.

## दोन परस्परविरुद्ध पद्धती

सर्व फ्लोट युनिटे एकाच दिशेने काम करत नाहीत.

* फोर्ड आणि अमेरिकी जीप यांच्या जुन्या पद्धतीत टाकी रिकामी असता रोध सुमारे ७३ ओहम, अर्धी असता २३ ओहम आणि भरलेली असता १० ओहम असतो. म्हणजे इंधन वाढते तसा रोध घटतो.
* जनरल मोटर्सच्या पद्धतीत रिकाम्या टाकीला शून्य आणि भरलेल्या टाकीला सुमारे ९० ओहम रोध असतो. जर्मनीतील व्हीडीओच्या पद्धतीत हेच आकडे सुमारे १० आणि १८० ओहम आहेत. येथे इंधनाबरोबर रोध वाढतो.

या फरकामुळे एकाच बिघाडाचे दोन उलट परिणाम दिसतात. समजा टाकी आणि सांगाडा यांच्यामधील गंजामुळे परिपथात १३ ओहमची भर पडली. पहिल्या पद्धतीत पूर्ण भरलेल्या टाकीचे १० ओहम २३ होतात आणि काटा अर्ध्यावर थांबतो. चालकाला इंधन कमी असल्याचा भास होतो. तो लवकर इंधन भरतो, पण अडकत नाही. दुसऱ्या पद्धतीत मात्र रिकाम्या टाकीचे शून्य ओहम १३ होतात आणि टाकीत काहीही नसताना काटा 'ई' या खुणेच्या वर राहतो. पहिली चूक सुरक्षित बाजूची आहे, दुसरी चालकाला रस्त्यात थांबवणारी आहे.

एखाद्या जुन्या गाडीत कोणती पद्धत आहे हे तिच्या नावावरून ठरवता येत नाही. तीस-चाळीस वर्षांच्या वापरात मापक, फ्लोट युनिट किंवा दोन्ही बदलले गेलेले असू शकतात. एका पद्धतीचा मापक आणि दुसऱ्या पद्धतीचे फ्लोट युनिट एकत्र आल्यास टाकी भरताना काटा खाली जातो, किंवा तो पट्टीच्या एका भागातच फिरत राहतो. अशा जोडीत कोणताही भाग बिघडलेला नसतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी प्रत्यक्ष मोजणी आवश्यक ठरते.

## कोडोली परिसर आणि बिघाडाची कारणे

कोडोली हे कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील मोठे गाव असून वारणानगर त्याला लागून आहे. वारणेच्या खोऱ्यातील हा भाग उसाचा आहे. पश्चिमेकडे पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांतील डोंगराळ, जास्त पावसाचा प्रदेश सुरू होतो. शेतमळ्यांतील पाणंद रस्ते, डोंगरवाड्यांकडे जाणारे चढ आणि दक्षिण महाराष्ट्रात 'वडाप' या नावाने ओळखली जाणारी सामायिक प्रवासी वाहतूक यांमुळे जीप हे या भागातील परिचित वाहन आहे. कोल्हापूर शहरातील शिवाजी उद्यमनगर हे यंत्रकाम आणि सुट्या भागांच्या कामासाठी प्रसिद्ध आहे.

अशा भौगोलिक परिस्थितीत इंधनमापक बिघडण्याची कारणे पुढीलप्रमाणे असतात.

* चिखल आणि ओल. पावसाळ्यात चाकांनी उडवलेला चिखल टाकी बांधणाऱ्या पट्ट्या, बोल्ट आणि तारांचे जोड यांवर साचतो. तो सुकला तरी त्याखाली ओल टिकते आणि धातू गंजतो. अर्थ खराब होण्याचे हे सर्वसाधारण कारण आहे.
* रंगकाम. जुनी गाडी नव्याने रंगवताना टाकीच्या आणि सांगाड्याच्या बैठकीवरही रंग बसतो. रंग विजेचा दुर्वाहक असल्याने रंगकामानंतर काटा बंद पडल्याची उदाहरणे सामान्य आहेत.
* हादरे. खडकाळ रस्त्यावरील सततच्या हादऱ्यांनी तार सांगाड्यावर घासून तिचे आवरण फाटते, किंवा जोड सैल होतो.
* रोधतारेची झीज. गाडी बहुतेक वेळ पाव ते अर्ध्या टाकीवर चालवल्यास स्पर्शपट्टी त्याच भागात घासत राहते. तेथील तार झिजून तुटते आणि काटा नेमका त्या पट्ट्यात उड्या मारतो.
* इंधनातील घटक. इंधनातील गंधकयुक्त संयुगांमुळे चांदीच्या स्पर्शबिंदूंवर काळा थर चढतो. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल पाणी शोषून घेते. त्यामुळे जुन्या धातूचे गंजणे आणि जुन्या रबरी पॅकिंगचे फुगणे वाढते. हे इथेनॉल कोल्हापूरसारख्या ऊसपट्ट्यांतील साखर उद्योगातूनही येते. डिझेल जीपला हे कारण लागू होत नाही. जिप्सीसारख्या पेट्रोल गाड्यांना होते.

## लक्षणे

लक्षणांवरून बिघाडाच्या जागेचा पहिला अंदाज बांधता येतो.

* इंधनाचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकाच वेळी व एकाच दिशेने चुकत असतील, तर दोष बहुधा स्टॅबिलायझरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये असतो. द्विधातू स्टॅबिलायझरचा अर्थ तुटल्यास पूर्ण १२ व्होल्ट पुढे जातात आणि दोन्ही काटे वास्तवापेक्षा वर दिसतात.
* दोन्ही काटे मृत असतील, तर फ्यूज आणि इग्निशन चावीकडून येणारा पुरवठा प्रथम तपासला जातो.
* दिवे लावल्यावर किंवा ब्रेक दाबल्यावर इंधनाचा काटा हलत असेल, तर अर्थ खराब असल्याची शक्यता मोठी असते. परतीच्या एकाच गंजक्या मार्गातून अनेक उपकरणांची धारा जात असल्याचे ते चिन्ह आहे.
* काटा विशिष्ट पातळीपुरताच उड्या मारत असेल, तर रोधतार झिजलेली असते.
* इंधन भरले तरी काटा तळाशीच राहत असेल, तर फ्लोटमध्ये इंधन शिरून तो बुडालेला असणे किंवा दांडा अडकलेला असणे संभवते.

## निदान

निदानाची पद्धत परिपथाचे दोन भाग करण्याची आहे. टाकीजवळचा तारेचा जोड ही सोयीची मध्यरेषा होय. त्याच्या एका बाजूस तार आणि मापक, तर दुसऱ्या बाजूस फ्लोट युनिट आणि अर्थ येतात. यासाठी एक साधा मल्टिमीटर पुरेसा असतो.

१. पुरवठा. चावी चालू करून मापकाच्या पुरवठा टोकाशी विभवांतर मोजले जाते. ते नसल्यास दोष फ्यूज, चावी किंवा त्यांच्यामधील तारेत असतो. द्विधातू स्टॅबिलायझरचे विभवांतर स्पंदित असल्याने अंकीय मल्टिमीटरवर आकडा स्थिर राहत नाही. तो दोष नव्हे.

२. तार सोडवणे. चावी बंद ठेवून फ्लोटची तार काढतात आणि मग चावी चालू करतात. काटा तळाशी गेल्यास मापक पहिल्या पद्धतीचा आणि माथ्यावर गेल्यास दुसऱ्या पद्धतीचा समजला जातो. काटा मुळीच हलला नाही, तर तार वाटेत सांगाड्याला टेकली आहे का हे पाहावे लागते.

३. मापकाची चाचणी. सोडवलेली तार थेट सांगाड्याला टेकवण्याची पद्धत प्रचलित आहे. द्विधातू मापकात त्यामुळे प्रमाणाबाहेर धारा वाहून आतील तार जळू शकते. त्याऐवजी पहिल्या पद्धतीच्या गाडीत १०, २२ आणि ६८ ओहमचे, ५ वॅट क्षमतेचे, बाजारात सहज मिळणारे रोधक तार आणि चांगला अर्थ यांच्यामध्ये एकेक करून जोडतात. काटा अनुक्रमे भरलेली, अर्धी आणि जवळपास रिकामी टाकी दाखवू लागला, तर मापक आणि तार दोन्ही निर्दोष ठरतात. द्विधातू मापकाला स्थिर होण्यासाठी प्रत्येक वेळी मिनिटभर अवधी द्यावा लागतो. ही जोडणी टाकीच्या तोंडाजवळ न करता दर्शनी फळीमागे केल्यास ठिणगीचा धोका टळतो. मात्र मग मधली तार वेगळी तपासावी लागते.

४. अर्थ. तार सोडवलेल्या स्थितीत, चावी बंद ठेवून, फ्लोट युनिटची चकती आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील रोध मोजला जातो. तो जवळपास शून्य असावा. एक-दोन ओहमपेक्षा अधिक रोध आढळल्यास अर्थ सुधारल्याशिवाय पुढील मोजणीला अर्थ राहत नाही.

५. फ्लोट युनिट. शेवटी युनिटचे टोक आणि त्याची चकती यांमधील रोध मोजून टाकीतील ज्ञात पातळीशी ताडला जातो. मल्टिमीटरवर अनंत रोध दिसल्यास रोधतार तुटलेली असते. युनिटला थेट १२ व्होल्ट देऊन पाहू नये. त्याने रोधतार जळते.

पहिल्या चार पायऱ्यांत दोष सापडला, तर टाकी उघडावीच लागत नाही.

## टाकी उघडताना घ्यावयाची काळजी

भारतीय पेट्रोलियम नियमांनुसार पेट्रोल 'अ' वर्गात मोडते. त्याचा ज्वलनबिंदू शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सियस असल्याने कोणत्याही ऋतूत त्याची वाफ पेट घेऊ शकते. डिझेल 'ब' वर्गात येते. भारतीय मानकानुसार त्याचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सियस असतो. डिझेल तुलनेने सुरक्षित असले, तरी उन्हात तापलेल्या टाकीबाबत गाफील राहता येत नाही.

हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असताना मिश्रण स्फोटक बनते. भरलेल्या टाकीत द्रवाच्या वर थोडीच जागा असते आणि तेथील वाफ बहुधा या मर्यादेपेक्षा दाट असते. इंधन काढून घेऊन हवेसाठी उघडी ठेवलेली टाकी मात्र स्फोटक मर्यादेत सहज येते. त्यामुळे 'टाकी रिकामी आहे, आता भीती नाही' हा समज घातक आहे.

काम मोकळ्या हवेत आणि इंजिन थंड असताना केले जाते. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवतात. विडी-सिगारेट, स्टोव्ह, वेल्डिंग आणि तारेला लोंबणारा उघडा बल्ब यांना जवळपास मज्जाव असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत, विशेषतः गॅरेजच्या खड्ड्यात, साचून राहते. म्हणून खड्ड्यावर गाडी उभी करून हे काम करू नये. कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवला जातो. काढलेले इंधन झाकण असलेल्या धातूच्या डब्यात साठवतात. गंजलेल्या टाकीला वेल्डिंग वा डाग देण्याचे काम केवळ वाफमुक्त करण्याची सोय असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

## दुरुस्ती

अर्थ. टाकीच्या एका बोल्टखालील रंग व गंज खरवडून धातू उघडा करतात. तेथून सांगाड्यावरील स्वच्छ केलेल्या जागेपर्यंत एक स्वतंत्र तार जोडतात आणि जोडावर ग्रीस लावतात. दुरुस्तीचा हा सर्वांत स्वस्त प्रकार असून अनेक गाड्यांत तो पुरेसा ठरतो.

फ्लोट युनिट काढणे. प्रथम चकतीभोवतीचा चिखल ब्रशने व कापडाने पूर्ण काढला जातो. अन्यथा तो टाकीत पडून फिल्टर तुंबतो. चकतीची मूळ दिशा खुणेने नोंदवतात, कारण उलट बसवल्यास दांडा टाकीच्या भिंतीला अडतो. स्क्रू काढल्यावर युनिट तिरपे करत, दांडा न वाकवता बाहेर घेतात.

स्वच्छता. रोधतारेवरील थर विद्युत स्पर्शबिंदूंसाठीच्या स्वच्छताद्रवाने किंवा मऊ खोडरबराने काढतात. पॉलिश पेपर वापरल्यास बारीक तार तुटते. नंतर दांडा हळूहळू फिरवून मल्टिमीटर पाहतात. आकडा सलगपणे बदलत गेला, तर युनिट वापरण्यायोग्य असते. मध्येच तो अनंतावर गेला, तर युनिट बदलणे इष्ट ठरते.

फ्लोट. पितळी फ्लोट कानाजवळ हलवल्यास आत शिरलेल्या इंधनाचा आवाज येतो. गरम पाण्यात बुडवल्यावर छिद्रातून बुडबुडे निघतात आणि छिद्राची जागा कळते. आत पेट्रोल असलेल्या फ्लोटला डाग देऊ नये; तो फुटू शकतो. नवा फ्लोट बसवणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

पुन्हा बसवणे. जुने पॅकिंग पुन्हा वापरले जात नाही. इंधनरोधक नायट्राइल रबराचे किंवा बुचाचे नवे पॅकिंग घालून स्क्रू आळीपाळीने आवळतात. साधे सिलिकॉन इंधनात टिकत नाही. नवे युनिट घेताना त्याच्या रोधाचे आकडे जुन्या मापकाशी जुळतात याची खात्री दुकानातच मल्टिमीटरने करता येते.

## अंशांकन

दुरुस्तीनंतर काट्याची पडताळणी करणे आवश्यक असते. यासाठी गाडी सपाट जागी उभी करतात. जवळपास रिकाम्या टाकीत मोजलेल्या डब्याने दर वेळी ५ लिटर इंधन ओतून काट्याची जागा नोंदवली जाते. टाकीचा आकार नियमित नसल्याने काट्याचा अर्धा भाग म्हणजे निम्मे लिटर असे गणित बहुधा जुळत नाही. नोंदींचा तक्ता गाडीत ठेवल्यास तोच खरा मापक ठरतो. फरक सर्व पातळ्यांवर सारखा असेल, तर फ्लोटचा दांडा किंचित वाकवून तो कमी करता येतो. रिकाम्या टाकीची खूण अचूक येण्याला भरलेल्या टाकीच्या खुणेपेक्षा प्राधान्य दिले जाते, कारण चालकाचा निर्णय त्याच खुणेवर अवलंबून असतो.

## मर्यादा

निर्दोष इंधनमापकही फ्लोटच्या जागेवरील पातळीच दाखवतो, एकूण इंधन नव्हे. पन्हाळा किंवा जोतिबाच्या चढावर इंधन टाकीच्या मागील बाजूस सरकते. फ्लोट कोठे आहे यानुसार तेवढ्या वेळापुरता काटा वर किंवा खाली जातो. म्हणून वाचन सपाट रस्त्यावर घेतले जाते. आसनाखाली टाकी असलेल्या जुन्या जीपमध्ये खुणा केलेली स्वच्छ लाकडी पट्टी आजही पडताळणीसाठी उपयोगी पडते. तिला ना तार लागते, ना अर्थ.